दोन्ही काढा

“नीट ऐक हरिबा, मी परत वाचते,” थोरल्या वैनी म्हणाल्या. पत्र हातभर लांब धरून एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचायला सुरुवात केली. “यात्रेच्या आत... मधली खिडकी काढून... दार काढून घ्यावे. हरिबा गवंड्यास सांगावे. झालं. यात न कळण्यासारखं काय हाय?”

“सगळं कळलं वैनी,” मी म्हणालो. “फक्त करायचं काय, तेवढं कळंना.”

माझी बायको गोदा घमेलं पालथं घालून त्यावर बसली होती. ती पदराआड हसली. थोरल्या वैनींनी तिच्याकडे रागाने पाहिले.

“हसतीस काय गं? खिडकी काढायची आणि तिथं दार काढायचं. ह्या घरातनं त्या घरात जायला. सरळ लिहिलंय.”

“मला वाटलं, खिडकी काढायची आणि परड्यातलं दारबी काढायचं,” गोदा म्हणाली. “म्हंजे दोन्ही बुजवायचं.”

“तुझं तोंड बुजव आधी,” थोरल्या वैनी म्हणाल्या.

माझे डोके तिथेच गरगरायला लागले, कारण गोदाचे म्हणणेही पत्रात बसत होते. आमच्याकडे भिंत फोडून नवे दार केले तर दार काढले म्हणतात, आणि असलेले दार उचकटून नेले तरी दार काढलेच म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात येतो आणि कधी अडत नाही. बोलणारा समोर असतो, हात करून दाखवतो. पत्राला हात नसतात.

मला तर तेव्हा अक्षरही येत नव्हते. ते पन्नाशी उलटल्यावर आले, समाजमंदिरातल्या वर्गात. ही गोष्ट त्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधीची.

घर सर्जेरावदादांचे. आमच्या विट्याकडच्या भागातली माणसे सोने-चांदी आटवायच्या धंद्याला मुलखाच्या दुसऱ्या टोकाला जातात. सर्जेरावदादांचे दुकान कोईमतूरला होते. ते यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचे. बाकीचे अकरा महिने थोरल्या वैनी, म्हणजे हौसाबाई, त्या मोठ्या घरात एकट्या. त्यांचा धाकटा दीर विलास त्याच दुकानात कामाला होता. त्याने लग्नानंतर आपल्या कमाईतून थोरल्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून दोन खोल्या काढल्या. त्या खोल्या माझ्याच हातच्या. त्यांना गल्लीकडून वेगळे दार ठेवले होते. त्या भिंतीत आधीपासून एक खिडकी होती. बाहेर खोल्या झाल्या आणि ती खिडकी घराच्या आत आली. मागे परड्यातही मधल्या बुटक्या भिंतीला एक लहान दार होते, कारण पाण्याचा आड थोरल्यांच्या बाजूला होता.

खोल्या पुऱ्या झाल्यावर तीन वर्षांत विलास तिकडेच तापाने गेला. मूलबाळ नव्हते. धाकट्या वैनी, मालन, त्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. शिलाई मशीन होते, गावातल्या बायकांची पोलकी शिवायच्या. मधल्या खिडकीतून दोन्ही जावांचे येणेजाणे चालायचे. माणसांचे नव्हे, वाट्यांचे. थोरल्या वैनींचा हात गजांतून सारखा आत यायचा. कधी आमटीची वाटी, कधी दोरा ओवायला सुई, तर कधी रिकामाच हात. “मालन, बघ गं, अंग गरम लागतंय का माझं?”

ही खिडकी काढायची होती. पुढचे काय, ते पत्रालाच ठाऊक.

“धाकट्या वैनींना वाचायला देऊया,” मी म्हणालो. “त्या सातवी शिकल्यात.”

थोरल्या वैनींनी गजांतून पत्र आत सरकवले. मशीनचा आवाज थांबला. मालनवैनींनी पत्र घेतले आणि सबंध वाचून दाखवले. आवाज सपाट होता, जसा शाळेतली मुले धडा वाचतात. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिले.

“मग?” मी विचारले.

“मग काय? लिहिलंय तसं करा.”

“पण काय लिहिलंय?”

“वाचून दाखवलं की तुम्हाला,” त्या म्हणाल्या आणि मशीनचे चाक हाताने फिरवले.

यात्रेला दहा दिवस होते. मी हातोडा पोत्यात घातला आणि पोस्टात गेलो. आमचे पोस्टमास्तर मुल्ला मोठे शिस्तीचे. तारेत फालतू शब्द घालू देत नसत.

“काय विचारायचं, ते एका ओळीत सांग,” ते म्हणाले.

मी विचार केला. नुसती खिडकी काढून भिंत सलग करायची, की तिथे जाण्यायेण्याचे दार करायचे, हे मला विचारायचे होते. मी म्हणालो, “असं लिहा मास्तर. खिडकी काढायची का दार काढायचं?”

त्यांनी तेच लिहिले. माझ्या मनात स्वच्छ होते, म्हणून मला वाटले की कागदावरही स्वच्छ उतरले असेल.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. मुल्लामास्तर स्वतः तार घेऊन आले, कारण यात्रेतल्या मानाच्या नारळाचे थोरल्या वैनींशी बोलून ठरवायचे होते. इंग्रजी अक्षरांतले मराठी त्यांनी ओसरीवर उभे राहून वाचले.

“दोन्ही काढा. लवकर. सर्जेराव.”

“बघा!” थोरल्या वैनींनी टाळी वाजवली. “खिडकी काढा, दार काढा. दोन्ही.”

“मीबी तेच म्हणत हुते,” गोदा म्हणाली. “खिडकीबी काढा, परड्यातलं दारबी काढा. दोन्ही.”

“मास्तर, तुम्ही सांगा,” मी हात जोडले.

“मी तार आणतो बाबा,” मुल्लामास्तर टोपी सारखी करत म्हणाले, “अर्थ आणत नाही.”

खिडकीपलीकडे मालनवैनी उभ्या होत्या. तार ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मी ते पाहिले. मला वाटले, आनंद झाला. मला आणखी काही वाटायला हवे होते. पण आपण ज्या बाजूला उभे असतो, त्या बाजूने खिडकीतले जेवढे दिसते तेवढेच खरे वाटते.

मी माझ्यापरीने हिशेब मांडला. विधवा बाई, मूल ना बाळ. तिला पाण्याला तोडून, जावेपासून तोडून भिंत बंद करायला सांगेल असा सर्जेरावदादा माणूस नव्हता. आणि माणसाने जोडण्याचे काम करावे की तोडण्याचे? गवंडी असलो म्हणून काय झाले, मलाही पुण्य लागत होतेच. तरी मन खात होते, म्हणून काम सुरू करताना मी गजांजवळ जाऊन हळूच विचारले.

“धाकट्या वैनी, तुमच्या मनात काय हाय ते सांगा. दार करू ना?”

थोरल्या वैनी माझ्या मागे हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभ्या होत्या. मालनवैनींनी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिले, मग खाली पाहिले.

“भावजींच्या शब्दाबाहेर मी कोण?” त्या म्हणाल्या.

“झालं तर,” मी गोदाला म्हणालो. “त्यांचंबी हो हाय.”

गोदा चिखल तुडवत होती. “बाईमाणूस गप बसलं की हो म्हनतंय, हे तुम्हाला कुनी शिकवलं?”

“मग नको म्हणाली असती.”

“व्हय तर. मी सतरा वर्सं नको म्हनतीय, तुम्ही कवा ऐकलं?”

मी छिन्नीवर पहिला घाव घातला.

खिडकीचे दार करणे हे तसे सोपे काम. वरचा भार दगडी पट्टीने आधीच पेललेला असतो, रुंदीही ठरलेली असते. फक्त खिडकीच्या खालची भिंत उतरवायची. आधी गज कापले, मग चौकट सोडवली, मग खालचे दगड एकेक करून हलवले. दगडमातीची दोन फुटी भिंत. मधून विलासच्या वेळचा चुना निघाला, मीच भरलेला. दोन्ही कडा ओळंब्याला धरून सरळ केल्या. जुन्या चौकटीचे खालचे लाकूड चांगले सागवानी होते, तेच उंबऱ्याला बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपले आणि सुंदर झाले होते. खोटे कशाला बोलू, मी चार वेळा त्या दारातून नुसतेच आतबाहेर केले.

थोरल्या वैनींनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले. उजवे पाऊल टाकून त्या पलीकडे गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

“अकरा म्हयनं मी भिंतीशी बोलतीय रे हरिबा,” त्या म्हणाल्या. “आता माणूस दिसंल.”

मग त्या ज्या कामाला लागल्या, ते मी ओसरीवर चहा पीत बघत होतो. आधी धान्याचे दोन डबे मालनवैनींच्या खोलीत गेले, कारण तिथे ओल कमी. मग बाज गेली, कारण तिथे वारा येतो. मग पलीकडून स्टो अलीकडे आला.

“मालन, तुझा स्टो आणला गं. दोन माणसांना दोन चुली कशाला? आणि ते मशीन जरा कोपऱ्यात घे, बाज बसत नाही. नाहीतर माळ्यावर टाकू. आता कशाला डोळं फोडत बसतीस? मी हाय की.”

मालनवैनी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. हातात कुणाचे तरी निम्मे शिवलेले पोलके, त्याला सुई लटकत होती. त्या ते ठेवायला जागा शोधत होत्या. खुंटीकडे वळल्या तर तिथे थोरल्या वैनींचा खण आला होता. बाजेवर ठेवायला गेल्या तर तिथे कुरडयांचे सूप होते. शेवटी त्यांनी ते पोलके आपल्याच खांद्यावर टाकले आणि माझ्याकडे बघितले. तशी नजर मी एकदाच पाहिली होती, एका गड्याचा पाय दगडाखाली सापडला तेव्हा. ओरडण्याच्या आधीची.

मी चहा तसाच ठेवून घरी आलो. काय चुकले ते कळत नव्हते. ओळंबा बरोबर होता, काटकोन धरायचा गुण्या बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मालनवैनी आमच्या दारात आल्या. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. त्या घरातली बाई तिकडे कधी आली नव्हती. गोदाने धावत जाऊन पोते अंथरले. त्या बसल्या नाहीत.

“हरिबा, ते दार बुजवा,” त्या म्हणाल्या.

“बुजवू?” मी म्हणालो. “वैनी, दादांचं पत्र...”

“ते पत्र माझ्या पत्राचं उत्तर होतं.”

मला काहीच समजेना. गोदाने मला खाली बसवले, जणू मीच पाहुणा होतो.

मालनवैनींनी भिंतीकडे तोंड करून सांगितले. दिवाळीनंतर त्यांनीच थोरल्या दिराला पत्र घातले होते. समोर बोलायची सोय नव्हती. थोरल्या दिरापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, शब्द तर लांबच. म्हणून लिहिले. तेही उघडे लिहायला हात धजेना. मला वेगळे राहायचे आहे असे विधवा बाईने लिहिले, तर वाचणारा आधी कारण शोधतो. म्हणून त्यांनी आडून लिहिले, की मधली खिडकी आणि दार काढून द्यावे, म्हणजे दोन्हीकडे बरे.

“भावजींच्या तोंडून निघालं असतं म्हंजे कुणी मला बोललं नसतं,” त्या म्हणाल्या. “गावानं म्हटलं असतं, दिरानं वेगळं काढलं. मी फक्त पदर ओढून गप बसायचं होतं. तार आली तेव्हा मला वाटलं, सुटले.”

“पण पाणी?” मी विचारले. “आड तर तिकडं.”

“चावडीपुढं नळ हाय की. चालत जाईन. चालायला मला आवडतं.”

“थोरल्या वैनी तुम्हाला छळतात का?” गोदाने विचारले.

“छळत न्हाईत गं. माया करतात.” त्या पहिल्यांदा आमच्याकडे वळल्या. “सकाळी डोळा उघडल्यापासनं माया करतात. माझं एक पोलकं दिवसात पुरं होत न्हाई. काल मी म्हटलं, जाऊबाई, मशीन राहू द्या. तर म्हणाल्या, तुझं-माझं काय आता, घर एक झालं. ते खरंच हाय. घर एक झालं की त्यातली मी त्यांच्या हाताखालची. ह्या दोन खोल्या यांनी माझ्यासाठी बांधल्या. मरायच्या आधी तिकडून लिहिलं होतं, काही झालं तरी तुझं दार तुझं आहे.”

“मग त्या दिवशी मी गजाजवळ विचारलं तेव्हा का बोलला न्हाई?” मला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हते.

“त्यांच्यापुढं? ताट घेऊन उभ्या होत्या त्या.”

 ओढ्यावर कुणी तरी कपडे आपटत होते. मग मालनवैनी म्हणाल्या, “तुम्ही गवंडी आहात. भिंतीचं तुम्ही सांगाल ते खरं. दार काढल्यानं भिंत बसतीय, असं तुम्ही म्हणालात, तर कोण बोलणार?”

मी गोदाकडे पाहिले. तिला लगेच कळले, मला उशिरा कळले. माझ्या हातचे काम कच्चे निघाले, असे मीच म्हणायचे. गवंड्याकडे दुसरे असते काय?

“तुम्ही म्हनाल ते हे म्हनतील,” गोदा म्हणाली. “फोडलंय कुनी? यांनीच. ऐकलं न्हाई कुनाचं? यांनीच.”

“अगं पण नाव जाईल माझं.”

“आणि त्यांचं काय गेलंय ते बगा की.”

मी गेलो. थोरल्या वैनी नव्या दारात बसून शेंगा फोडत होत्या, एक पाय ह्या घरात, एक त्या घरात. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. वरच्या कोपऱ्यात गिलाव्याला जुनी चीर होती, केसाएवढी. मी तिच्यावर बोट ठेवले.

“वैनी, ही बघितली का? भार पेलंना. माझा अंदाज चुकला.”

“म्हंजे?”

“दार बुजवायला पाहिजे. आजच.”

“घर पडंल?”

“पडंल म्हणत न्हाई. पण झोप लागायची न्हाई तुम्हाला.”

त्यांनी मांडीवरच्या शेंगा सुपात ओतल्या आणि उठून दोन पावले मागे सरकल्या. रडल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, “दोन दिसबी लाभलं न्हाई रे.” मग मालनवैनींच्या खोलीतून आपले डबे त्यांनीच एकेक करून परत आणले. मी हात लावू लागलो तर मला ढकलले. एका बाईचे घर परत द्यायला आलो होतो आणि दुसरीचे उतरवत होतो. वीट लावताना हात चालत होते, डोके कुठेच नव्हते.

संध्याकाळच्या आत भिंत सलग झाली. आता खिडकीही राहिली नाही. परड्यातल्या दाराला मालनवैनींनी आपल्या बाजूने कडी घातली. रोज सकाळी त्या कळशी घेऊन चावडीकडे जाताना दिसू लागल्या.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. हरिबाने दार काढले आणि सर्जेरावाचे घर पाडायला निघाला होता. शाळेच्या कुंपणाचे काम माझ्याशी बोलून ठरले होते, ते दुसऱ्याला गेले. एकाने तर त्याच्या गोठ्याचे अर्धवट काम थांबवून माझ्यासमोर पहारीने भिंत ठोकून पाहिली. मी काही बोललो नाही. गोदा बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी सर्जेरावदादा आले. दुपारी त्यांचा निरोप आला. मी आणि गोदा गेलो. ओसरीवर पाच-सहा पाहुणे सुपारी कातरत बसले होते. दादा आत भिंतीसमोर उभे होते. गिलावा अजून ओला होता. त्यांनी त्यावर तळहात टेकवला होता.

“हरिबा, दार कुठाय?”

 दार? म्हणजे त्यांना दारच हवे होते?

“भिंत धरत नव्हती दादा,” मी म्हणालो.

“ही भिंत? वडिलांच्या वेळची पट्टी आहे वर. दोन मजले चढवले तरी हलायची नाही.” त्यांचा आवाज चढला, मग फुटला. “तुला ठाऊक नाही हरिबा. विलास गेला तेव्हा मी तिथं असून मला त्याला वाचवता आलं नाही. तेव्हापासून मालन माझ्या सावलीलाही उभी राहत नाही. आणि दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. स्वतःहून लिहिलं तिनं, मधली खिडकी आणि दार काढून द्यावे, म्हणजे दोन्हीकडे बरे. खिडकीच्या जागी दार मागितलं रे तिनं! मी दुकानात बसून रडलो. तिच्या शब्दाला धक्का नको म्हणून उत्तरात तेच शब्द परत घातले.”

पाहुण्यांची सुपारी थांबली होती.  दोन माणसांनी एकमेकांना तेच शब्द लिहिले होते. प्रत्येकाने त्यात आपल्याला हवे ते वाचले, आणि मी मध्ये उभा राहून हातोडा चालवला. कुणी खोटे बोलले नव्हते. खोटे बोललेला त्या घरात मी एकटाच होतो, आणि ते खोटे मला धरून ठेवायचे होते.

“भिंत धरत नव्हती,” मी पुन्हा म्हणालो.

“मग तू गवंडी कसला?” दादा म्हणाले. “पाहुण्यांसमोर सांगतो, ह्या गावात तुला यापुढं कुणी वीट लावायला दिली तर...”

“भावजी.”

आवाज भिंतीपलीकडून आला नाही. समोरच्या दारातून आला. मालनवैनी गल्लीने वळसा घालून आल्या होत्या. चपला काढून त्या उंबऱ्याच्या पलीकडेच थांबल्या होत्या. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडे होते. दादांशी त्या बोलल्याचे मी कधी ऐकले नव्हते. दादांनीही नसावे. ते वळले आणि लगेच नजर खाली घातली.

“ते पत्र मीच लिहिलं,” त्या म्हणाल्या. “पण मला दार नको होतं. भिंत पाहिजे होती.”

एक पाहुणा खाकरला. त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारले.

“खिडकी बुजवून आणि परड्यातलं दार उचकटून द्या, असं मला म्हणायचं होतं. सरळ लिहायची लाज वाटली. हरिबांच्या भिंतीत खोट न्हाई. भिंत बसतीय असं सांगायला मीच त्यांना लावलं.”

दादांनी ओल्या गिलाव्याकडे पाहिले. त्यांच्या तळहाताचा ठसा तिथे उमटला होता.

“का पण?” त्यांनी विचारले. मालनवैनींना नाही, भिंतीला विचारावे तसे.

“माझं शिवण हाय. माझी चूल हाय.” त्यांचा आवाज आता लहान झाला होता, पण थांबला नाही. “तुमच्यावर राग न्हाई भावजी. कुणावरच न्हाई. मला माझ्या दारातनं यायचंय, माझ्या दारातनं जायचंय. तेवढंच हाय.”

मला वाटले, आता पाहुणे उठतील, किंवा दादा ओरडतील. तसे झाले नाही. मग स्वयंपाकघरातून थोरल्या वैनी बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. हातात चहाची कपबशी होती, पाहुण्यांसाठी केलेल्या चहातली. जावेला त्या आजवर “अगं मालन” आणि “बघ गं” यांखेरीज काही म्हणाल्या नव्हत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “आत या. उंबऱ्यावर अशा उभ्या राहू नका.”

मी गोदाकडे पाहिले. एरवी प्रत्येक गोष्टीचा अर्थ तिच्याकडे तयार असतो. ती जमिनीकडे बघत होती. ते ‘या’ मानाचे होते की रागाचे, मला तेव्हा कळले नाही. आता अक्षरे येतात, हा शब्द मी स्वतः लिहिला आहे, तरी कळत नाही.

मालनवैनी आत आल्या आणि जिथे परके पाहुणे बसतात तिथे, सतरंजीच्या कडेला बसल्या. थोरल्या वैनी वाकल्या आणि कपबशी पुढे केली. मालनवैनींनी ती दोन्ही हातांनी धरली. कप बशीत थरथरत होता, त्याचा बारीक आवाज सगळ्या ओसरीला ऐकू येत होता. हात कुणाचा कापत होता ते मला सांगता येणार नाही, कारण कपबशी अजून दोघींच्याही हातांत होती.